भाऊजींच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

आमच्या भाऊजींना कुणी "काय, कसं काय?" असं विचारलं की ते म्हणतात, "बावीस." विचारणारा नवखा असला तर गोंधळतो. आम्ही घरची माणसं गोंधळत नाही, वैतागतो. बावीस म्हणजे त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज. एका लिटरला बावीस किलोमीटर. तीच गाडी, त्याच रंगाची, त्यांच्या गल्लीत आणखी एका गृहस्थांकडे आहे आणि ती काही केल्या पंधराच्या वर जात नाही. ते गृहस्थ समोरून येताना दिसले की भाऊजींच्या चेहऱ्यावर जी दया पसरते, ती बघण्यासारखी असते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. मी शाळेत होते तेव्हा ते जावई म्हणून आमच्या घरात आले. त्यामुळे त्यांची टिंगल करायचा माझा हक्क जुना आहे आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. तेही मला "मेहुणीबाई, तुम्ही" अशा थाटात बोलतात आणि माझं एक वाक्य खाली पडू देत नाहीत.

त्यांचं काम चष्म्याच्या दुकानात. पुढे काउंटरवर मालक बसतात, गिऱ्हाइकाला आरसा दाखवतात आणि प्रत्येक फ्रेम त्याच्या चेहऱ्याला कशी शोभते ते पटवून देतात. मागच्या खोलीत भाऊजी. खोली कसली, फळी ठोकून केलेला कोनाडाच तो. तिथे एक चाक फिरत असतं, चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते आणि भाऊजी स्वतःचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून दुसऱ्याच्या काचा घासत बसलेले असतात. "मला करून बघू द्या," म्हणून मी एकदा हट्ट धरला आणि बघता बघता काच तडकवली. ते रागावले नाहीत. "दाबलीत तुम्ही," म्हणाले. "काच दाबायची नसते, नुसती टेकवायची." अ‍ॅक्सिलरेटरवरही ते पाय असाच टेकवतात.

त्यांच्या गाडीत बसणं ही शिक्षा आहे असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. सकाळी टायर थंड असताना हवा तपासायची, आणि ती कंपनीनं सांगितल्यापेक्षा किंचित जास्तच ठेवायची, कारण टणक टायर हलके पळतात. डिकीत छत्रीसुद्धा राहू द्यायची नाही. टपावरचा कॅरियर तर कधीच माळ्यावर गेला, कारण तो म्हणे वारा अडवतो. लांबवर लाल सिग्नल दिसला रे दिसला की त्यांचा पाय वर उचलला जातो आणि गाडी आपली रमतगमत निघते. मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवतात. भाऊजी खिडकीतून हात काढून "जा बाबा, तू हो पुढे," अशी खूण करतात. तो सुसाट जातो आणि सिग्नलला करकचून ब्रेक मारून उभा राहतो. तेवढ्यात आमची गाडी डुलत डुलत पोचते, दिवा हिरवा होतो आणि भाऊजी न थांबता त्याच्या शेजारून निघून जातात. जाताना त्याच्याकडे बघत नाहीत. मी बघते.

"ब्रेक मारायचा म्हणजे काय?" ते विचारतात. उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. "आत्ताच जाळलेलं पेट्रोल स्वतःच्या पायानं वाया घालवायचं. पुढचा रस्ता आधी वाचला तर ब्रेक लागतोय कशाला?"

एकदा माझी पर्स मागच्या सीटवर ठेवताना त्यांनी हातात तोलून बघितली. "मेहुणीबाई, विटा आणल्यात का?"

"भाऊजी, मी उतरून चालत येते. गाडी हलकी होईल आणि मी तुमच्या आधी पोचेन."

ते हसले, पण एक क्षण त्यांनी खरोखर विचार केला असावा. ताई म्हणाली, "बोलू नकोस. हिशेब करतायत ते."

लोक त्यांना चिक्कू म्हणतात. मी काही त्यांची बाजू घेणारी नव्हे, पण हे मला पटत नाही. गल्लीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या चष्म्याच्या दांड्या त्यांनी फुकट बसवून दिल्यात. पाहुणा आला की स्वतः उठून बाजारात जातात आणि दोन्ही हातांनी पिशव्या भरून आणतात. त्यांना सहन होत नाही ते फक्त वाया जाणं. दुसऱ्याच्या घरी गेले तरी ठिबकणारा नळ आधी बंद करतील, मग बसतील. हा स्वभाव झाला. त्याला औषध नाही.

गेल्या वर्षी आमची आई पडली. आई पोस्टातून निवृत्त झालेली. गाडीने चार-पाच तासांवर तिचं गाव, तिथे दोन खोल्या आणि पुढे अंगण. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहत होती आणि मजेत राहत होती. पडदे काढायला स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं आणि पाठीच्या मणक्याला चीर गेली. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी आरडाओरडा करून लोक जमवले, रुग्णवाहिका आणली. शहरातल्या हॉस्पिटलमधून आई सरळ ताईकडे आली, कारण ताईचं घर तळमजल्यावर.

हळूहळू चीर भरून आली. पाठीला पट्टा बांधून, काठी घेऊन आई घरातल्या घरात फिरायला लागली. डॉक्टर म्हणाले, "सगळं करू दे त्यांना. फक्त धक्का बसता कामा नये." त्या दिवसापासून आईचं एकच पालुपद सुरू झालं. "मग मला घरी कधी सोडताय?"

आम्हा दोघी बहिणींचं उत्तरही ठरलेलं होतं. "अगं, रस्ता बघितलायस ना? एक खड्डा लागला तर मेलो." हे खोटं नव्हतं. पण आई परत एकटी राहू नये, असं आम्हाला वाटत होतं, आणि ते तिच्या तोंडावर म्हणायची आमची प्राज्ञा नव्हती. रस्त्याचं निमित्त आयतं मिळालं. रस्त्याला बोललं तर तो उलट बोलत नाही.

मधे एकदा तपासणीसाठी तिला हॉस्पिटलात न्यायचं होतं. भाऊजी दुकानात होते म्हणून ताईने भाड्याची मोठी, उंच, गुबगुबीत गाडी बोलावली. ड्रायव्हर तरणाबांड, घाईत. हॉस्पिटलच्या दारातच स्पीडब्रेकर होता. त्यावरून त्याने गाडी अशी उडवली की आई ओरडली. दुखण्याने ओरडताना मी आईला कधी ऐकलं नव्हतं. नशीब, आत काही बिघडलं नव्हतं.

पण त्यानंतर आईने विचारणं सोडून दिलं. तिची कपड्यांची बॅग कॉटच्या पायाशी कायम भरून ठेवलेली असायची, जणू आज ना उद्या निघायचंच आहे. एका सकाळी ती ताईला म्हणाली, "ते कपडे कपाटात लाव. बॅग उगाच पायात येते." ताईने लावले. तिला बरंच वाटलं, मलाही वाटलं, की चला, म्हातारी रमली एकदाची. पण ती रमली नव्हती. ताटात वाढाल ते गपचूप खायची, टीव्ही लावला तर बघायची, बंद केला तर भिंतीकडे बघायची. पोस्टाच्या काउंटरवर जिने साऱ्या गावाला दरडावलं, ती आता "तुम्हाला बरं पडेल तसं" म्हणायला लागली. ते ऐकलं की ताई उगाच स्वयंपाकघरात जायची आणि मी चपला शोधायला लागायची.

बॅग गेल्याचं भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांनी कॉटच्या पायाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि चष्मा पुसला.

पुढच्या सुटीच्या दिवशी ते उजाडता उजाडता गाडी घेऊन बाहेर पडले. संध्याकाळी परत आले ते धुळीने माखून. ताई चहा ओतत होती, मी शिकवण्या संपवून तिथे टेकले होते.

"कुठं होता दिवसभर?" ताईने विचारलं.

"आईंच्या गावाला जाऊन आलो."

"एकटे? कशाला?"

"रस्ता बघायला."

मला आधी हसूच आलं. जो माणूस भाजी आणि इस्त्रीचे कपडे एकाच फेरीत व्हावेत म्हणून दोन दोन दिवस वाट बघतो, तो रिकामी गाडी घेऊन एवढं लांब जाऊन परत आला होता! ताई तर चहा ओतायचीच थांबली. भाऊजी आम्हाला दोघींना बाहेर घेऊन गेले आणि गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं होतं, जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरलेलं. सीटवर एक ओला डाग होता.

"जाताना नुसता रस्ता बघून घेतला," ते म्हणाले. "खड्डे, उंचवटे, कुठं कडेनं जायचं, कुठून आधीच पाय काढायचा, सगळं. येताना पातेलं भरून ठेवलं. सगळ्या रस्त्यात एकाच ठिकाणी हिंदकळलं. तो छोटा पूल आहे ना, त्याच्या तोंडाशी रस्ता खचलाय. तिथं काही इलाज नाही. तिथं आईंना उतरवून चालवत नेऊ. बाकी मी नेतो."

ताई म्हणाली, "अहो, पातेलं वेगळं आणि आई वेगळी."

"मग आईंनाच विचार."

आई खिडकीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "जावईबापू, कधी निघायचं?"

आता आमच्याकडे रस्ताही उरला नाही. मी घरी जाऊन उगाच भांडी आपटली. भाऊजींचा मला राग आला होता, हे मी लपवत नाही. आईला काही झालं तर हे पातेलं काय कामाचं, असं मी माझ्या नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आणि काही झालं नाही तर?" त्यावर मी आणखी एक भांडं आपटलं.

निघायच्या दिवशी आम्ही बहिणींनी सूड घेतल्यासारखं सामान काढलं. गादी, उशा, धान्याचे डबे, पाण्याचा कॅन, आईला बाथरूममध्ये बसायची खुर्ची, पाठीचा जादा पट्टा. मला वाटलं, आता भाऊजी कपाळाला हात लावतील. ते डिकी उघडून उभे राहिले आणि म्हणाले, "अजून आहे का काही जड? मागं वजन असलं की गाडी उड्या मारत नाही." ताईने माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून तिने हे वाक्य स्वप्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. ती आत गेली आणि पाट्यासकट वरवंटा घेऊन आली. तोही त्यांनी ठेवून घेतला.

मग ते खाली बसले आणि चारही टायरमधली हवा थोडी थोडी सोडली.

"अहो, हे काय?" ताई म्हणाली.

"टणक टायर अ‍ॅव्हरेजला चांगले, पाठीला वाईट. कंपनीनं सांगितलंय तेवढीच ठेवतो." हवा सूं करून जात होती. भाऊजी दुसरीकडे बघत होते.

आई पुढच्या सीटवर, पाठीशी उशी. मागे आम्ही दोघी, मधे धान्याचे डबे. गाडी सुटली तेव्हा मला कळलंच नाही. बाहेरचं झाड मागे सरकलं म्हणून समजलं. शहराबाहेर पडेपर्यंत माझी बोटं ताईच्या मनगटात रुतली होती. मग बघितलं तर आई शेजारून जाणाऱ्या दुकानांच्या पाट्या वाचत होती, मोठ्याने, पोस्टातली सवय. कुठल्या पाटीवर पत्ता अर्धवट लिहिलाय त्यावर शेराही मारत होती.

भाऊजींना मी हजार वेळा गाडी चालवताना पाहिलंय, पण त्या दिवशी नीट बघितलं. ते समोरच्या गाडीकडे बघतच नव्हते. तिच्याही पुढे, लांब कुठेतरी त्यांची नजर होती. बैलगाडी असो, ट्रक असो, वळण असो, ते यायच्या कितीतरी आधी पाय सुटलेला असायचा आणि गाडी आपोआप मंदावलेली असायची. जिथे मी श्वास रोखायची तिथे काही व्हायचंच नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत होते आणि त्यांचा हात खिडकीतून "हो पुढे" म्हणत होता. एकाने तर जाताना शिवी दिली. आई खिडकीतून म्हणाली, "अरे, जा की, तुझी तार अडलीय का तिथं?" आम्ही तिघंही हसलो. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा कुणावर तरी खेकसली होती.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं, बंद होतं. उन्हं चढली होती, खिडक्या लावून एसी चालू केलेला होता. आईची मान उशीवर कलली होती, डोळे मिटले होते. फाटकाला इंजिन बंद करणं हा भाऊजींचा धर्म आहे. त्यांचा हात किल्लीकडे गेला, त्यांनी आईकडे बघितलं आणि हात परत मांडीवर ठेवला. आगगाडी येता येईना. एसी चालू, इंजिन चालू, गाडी उभी. ताई माझ्या कानात म्हणाली, "हे आतून जळत असतील." मी मान पुढे काढून बघितलं. चेहरा अगदी शांत होता. आपलं ताट ताईच्या आधी संपू नये म्हणून ते मुद्दाम हळू जेवतात, तेव्हा असतो तसा.

मग तो पूल आला. भाऊजींनी गाडी कडेला घेतली, आईला उठवलं आणि सांगितलं, "आई, एवढंच तुम्हाला चालायचंय." मी आणि ताई उतरलो, मी आईचा दंड धरला. तिने काठी टेकली, चार पावलं टाकली आणि माझा हात झटकला.

"सोड गं. मला येतं."

आणि ती चालली. भर रस्त्यात, उन्हात, पट्टा बांधलेली आमची आई काठी टेकत पूल ओलांडून गेली. मधे थांबून कठड्यावरून पाणी किती आहे तेही बघितलं. मागून भाऊजींची गाडी खचलेल्या तोंडाशी एकदा धाडकन आदळली आणि डिकीत वरवंटा गडगडला. मी पुलावर उभी होते. घरातल्या घरात कॉटपासून मोरीपर्यंत जाताना मी जिला धरून धरून न्यायची, ती हीच का, असं मला वाटत होतं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी नाक पुसून गाडीत बसले.

घर आलं. शिक्षिकाबाईंनी अंगण झाडून ठेवलं होतं. रात्री त्या आईच्या घरी झोपायला येणार, कामाला एक बाई येणार, हे सगळं आईने फोनवरून परस्पर ठरवलेलं होतं. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. आईने कुलूप स्वतः उघडलं, आत गेली, एक एक खिडकी उघडली आणि आपल्या खुर्चीत बसली. ताई सामान लावायला लागली. लावता लावता म्हणाली, "आम्ही दोघी आठवडाभर राहतो. मग बघू."

"नको," आई म्हणाली. "चहा घ्या आणि उजेडात निघा."

"अगं, पण..."

"किती दिवस झाले, मी माझ्या घरात एकटी बसलेली नाही. मला बसायचंय."

ती रागाने बोलली नव्हती. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून, समोरच्या अंगणाकडे बघत, आरामात म्हणाली. ताईच्या हातातली उशी तशीच राहिली. आम्ही दोघी पाहुण्यांसारख्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. भाऊजींनी चहाचे कप उचलले, मोरीत विसळले, पालथे घातले आणि म्हणाले, "चला."

आई दारापर्यंत आली. तिने ताईच्या गालावरून हात फिरवला, माझ्या फिरवला. "जावईबापू," म्हणाली, "तुमच्या गाडीत मला झोप लागली." एवढंच म्हणाली. भाऊजींनी खाली बघून चष्मा पुसला आणि गाडीकडे गेले.

परत निघालो. पुढची सीट रिकामी होती, पण ताई मागे माझ्याजवळच बसली. तिने पदर तोंडाशी धरला होता. मीही काही फार शूर नव्हते. डिकी रिकामी, गाडी हलकी, रस्ता मोकळा. आता भाऊजी झपझप नेतील आणि लवकर घरी जाऊन मनसोक्त रडता येईल, असा माझा हिशेब होता. पण गाडी सकाळसारखीच चालली होती. प्रत्येक खड्डा तितक्याच दुरून टळत होता. त्या पुलाशी आलो तेव्हा तर त्यांनी गाडी जवळजवळ उभीच केली आणि एक एक चाक जपून खाली उतरवलं; तरी एक हिसका बसलाच.

मी चिडून म्हणाले, "भाऊजी, आता कशाला एवढं सांभाळताय? आईला तर सोडून आलो."

त्यांनी आरशातून मागे बघितलं.

"तुम्ही दोघी आहात की," ते म्हणाले.